एसीचे स्टार आणि त्यांच्याखालचा आकडा : वाचकांचे प्रश्न

घरगुती एसीच्या ऊर्जा लेबलाबद्दल आलेली बहुतेक पत्रं एकाच जागी अडलेली दिसतात. स्टार किती ते पाहिलं, की लेबल वाचून झालं असं सगळ्यांना वाटतं. स्टार ही श्रेणी आहे. ती ज्या आकड्यावरून ठरते तो आकडा, वॅटमधली क्षमता आणि वर्षाची युनिटं ही त्याच लेबलवर बारीक अक्षरांत छापलेली असतात, आणि खरेदीचा हिशेब त्यांच्यावरच होतो. म्हणून यंदाची उत्तरं त्या बारीक अक्षरांपासून सुरू.

प्रश्न : लेबलवर ‘आयएसईईआर ४.२’ असं लिहिलं आहे. हे ४.२ कशाचे?

कशाचेच नाहीत, हे गुणोत्तर आहे. आयएसईईआर म्हणजे भारतीय हंगामी ऊर्जा कार्यक्षमता गुणोत्तर. हंगामभरात यंत्राने खोलीतून एकूण जितकी उष्णता बाहेर काढली, तिला हंगामभरात खाल्लेल्या विजेने भागलं की हा आकडा येतो. ४.२ म्हणजे एक युनिट वीज खर्चून ४.२ युनिट उष्णता बाहेर टाकली. एकाचे चार कसे झाले, असं वाटणं साहजिक आहे. पण एसी थंडावा तयार करत नाही, खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेतो. वीज लागते ती या वाहतुकीला. म्हणून हा आकडा एकाच्या बराच वर असतो.

यातला ‘हंगामी’ हा शब्द महत्त्वाचा. साधा ईईआर, म्हणजे हंगाम न धरलेलं तेच गुणोत्तर, एकाच परिस्थितीत मोजतात : बाहेर ३५ अंश, आत २७ अंश, यंत्र पूर्ण ताकदीवर. पण यंत्र वर्षभर त्या एका परिस्थितीत चालत नाही. रात्री बाहेर २७ अंश असतात, भर दुपारी ४१ असतात. त्यामुळे भारतातल्या पद्धतीत बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंश असं एकेका अंशाच्या टप्प्यांत विभागतात, प्रत्येक टप्प्याला ठरावीक तास देतात आणि वर्षाचे एकूण १६०० तास धरून सरासरी काढतात. प्रयोगशाळेत यंत्राची पूर्ण आणि निम्मी क्षमता मोजली जाते, मधल्या तापमानांचा हिशेब सूत्राने होतो.

१६०० तास म्हणजे रोज आठ तासांप्रमाणे २०० दिवस. लेबलवरची ‘वार्षिक वीज वापर’ ही युनिटं याच तासांची आहेत. तुमचा वापर ८०० तासांचा असेल तर ती ढोबळमानाने निम्मी करा, २४०० चा असेल तर दीडपट. एवढी एक दुरुस्ती केली तरी लेबल बरंच खरं बोलू लागतं.

प्रश्न : आमच्याकडचा २०१९ चा एसी फाइव्ह स्टार आहे. आता नवा फाइव्ह स्टार घेतला तर वीज तितकीच लागेल ना?

नाही, कमी लागेल. स्टारचा तक्ता दर काही वर्षांनी वर सरकवतात. स्प्लिट एसीसाठी जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या तक्त्यात आयएसईईआर ४.५० झाला की पाच स्टार मिळत होते. जुलै २०२२ पासून पाच स्टारसाठी ५.०० लागू लागले आणि ४.४० ते ४.९९ चार स्टारमध्ये गेले. म्हणजे ४.६ चं तेच यंत्र, एकही स्क्रू न बदलता, पाचावरून चारावर आलं. जानेवारी २०२६ पासून तक्ता पुन्हा कडक झाला आहे.

याचा व्यवहारात अर्थ असा, की लेबलवर स्टारशेजारी वैधतेचा कालावधी छापलेला असतो तो वाचल्याशिवाय स्टारना अर्थ नाही. गोदामात पडून राहिलेला जुन्या लेबलचा माल आणि नव्या लेबलचा माल शेजारी शेजारी ठेवून विकले जातात, तेव्हा जुन्याचे स्टार जास्त आणि आकडा कमी असू शकतो. अशा वेळी स्टारकडे सरळ दुर्लक्ष करा आणि दोन्ही आकडे समोरासमोर धरा.

वापरलेला एसी घेणाऱ्यांनी आणखी मागे जावं. इन्व्हर्टर एसी (ज्यांचा कॉम्प्रेसर वेग कमी-जास्त करतो) आणि साधे एसी २०१८ पासून एकाच मापाने मोजले जाऊ लागले. त्याआधीच्या साध्या एसींचे स्टार ईईआरवरून दिलेले आहेत. ती मोजपट्टीच वेगळी, त्यामुळे ते स्टार आजच्या स्टारशेजारी ठेवताच येत नाहीत.

प्रश्न : विंडो एसी फाइव्ह स्टार आणि स्प्लिट थ्री स्टार, यांत कमी वीज कोणाला?

बहुतेक वेळा थ्री स्टार स्प्लिटला. दोघांचे तक्ते वेगळे आहेत. जुलै २०२२ च्या तक्त्यात विंडोला ३.५० वर पाच स्टार मिळत होते, स्प्लिटला त्याच ३.५० वर दोन. तीन स्टारसाठी स्प्लिटला ३.८० लागत होते. विंडोच्या खोक्यात उष्णता देणाऱ्या-घेणाऱ्या जाळ्या मोठ्या करायला जागाच नसते, म्हणून त्याला सवलतीची मोजपट्टी दिलेली आहे. विंडो घ्यायची इतर कारणं असतात (भाड्याचं घर, भिंत फोडायची परवानगी नसणं) आणि ती रास्त आहेत. पण ‘पाच स्टार म्हणून घेतला’ हे त्यांतलं एक नव्हे.

प्रश्न : एसीवर ५ किलोवॅट लिहिलंय. आमच्या मीटरचा मंजूर भारच ३ किलोवॅट आहे. एसी चालेल का?

चालेल. ते ५ किलोवॅट थंड करण्याच्या क्षमतेचे आहेत, विजेचे नाहीत. यंत्राच्या पाटीवर दोन वेगळे आकडे असतात : थंड करण्याची क्षमता आणि वीज घेण्याचं प्रमाण. ५ किलोवॅट क्षमतेचा बरा एसी पूर्ण ताकदीवर साधारण १.४ ते १.६ किलोवॅट वीज घेतो. भाराचा आणि वायरिंगचा हिशेब या दुसऱ्या आकड्यावर करायचा, आणि तोही ‘कमाल’ असं लिहिलेला धरायचा. इन्व्हर्टर एसी खोली पहिल्यांदा थंड करताना नेमून दिलेल्या क्षमतेच्याही वर जातो, तेव्हा तो जास्त वीज ओढतो. त्याच वेळी गीझर किंवा इस्त्री लावली तर ३ किलोवॅटची मर्यादा सहज ओलांडली जाईल, एवढं मात्र ध्यानात असू द्या.

याच ओघात टनाविषयी. एक टन म्हणजे ३.५१७ किलोवॅट थंडावा. एक अमेरिकी टन बर्फ २४ तासांत वितळायला जितकी उष्णता लागते, त्यावरून हे माप आलं. त्या हिशेबाने दीड टन म्हणजे जवळपास ५२७५ वॅट. पण ‘१.५ टन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रांची लेबलं वाचा. कुठे ४८०० दिसेल, कुठे ५०००, कुठे ५२००. टन हे नाव झालं, क्षमता वॅटमध्ये असते. दोन यंत्रांची वर्षाची युनिटं तोलताना आधी दोघांच्या वॅटचं जमतंय का ते पाहा. लहान यंत्राची युनिटं कमी असणारच, त्यात त्याचं कौतुक नाही.

प्रश्न : थ्री स्टार आणि फाइव्ह स्टारच्या किमतीतला फरक भरून निघतो का? विक्रेते दोन वर्षांत निघतो म्हणतात.

विक्रेत्याला तुमचे तास माहीत नसतात, आणि उत्तर सगळं तासांवर आहे.

समजा दोन्ही यंत्रं ५ किलोवॅटची आहेत. एकाचा आयएसईईआर ३.९, दुसऱ्याचा ५.२. लेबलवर पहिल्याची वर्षाची १००० युनिटं आणि दुसऱ्याची ७५० असतील. फरक २५० युनिटांचा, पण तो १६०० तासांवरचा. रोज चार तास, तेही फक्त १०० दिवस एसी लावणाऱ्या घरात वर्षाचे ४०० तास होतात. तिथे फरक ६०-६५ युनिटांवर येतो. रात्रभर आणि दुपारीही चालवणाऱ्या, २४०० तासांच्या घरात तो ३७५ वर जातो. आता ही पद्धत :

दोन्ही लेबलांवरच्या युनिटांची वजाबाकी करा. तिला तुमच्या तासांनी गुणा आणि १६०० ने भागा. आलेल्या युनिटांना तुमच्या बिलातल्या सर्वांत वरच्या टप्प्याच्या दराने गुणा. सरासरी दराने नको. एसीची युनिटं बाकी वापराच्या वर चढतात, म्हणून वाचतात तीही वरच्या, महाग टप्प्यातली. दरात इंधन आकार आणि कर धरायला विसरू नका. शेवटी किमतीतल्या फरकाला या वार्षिक बचतीने भागा. उत्तर तीन-चार वर्षांच्या आत आलं तर वरचं यंत्र डोळे मिटून घ्यावं. दहाच्या पुढे गेलं तर तो पैसा पडदे, गच्चीची उष्णतारोधक गिलावणी किंवा दाराखालची फट बुजवण्यावर जास्त कामी येईल. मधल्या उत्तरांना तुमचा स्वभाव ठरवेल.

आणखी एक बारकावा, जो फारसं कोणी सांगत नाही. आकडा जसा वर जातो तशी बचत आटत जाते. वर्षाला ३९०० युनिट उष्णता बाहेर काढायची असेल, तर आकडा ३ असताना १३०० युनिट वीज लागते, ४ ला ९७५, ५ ला ७८०, ६ ला ६५०. पहिल्या पायरीला ३२५ वाचली, दुसरीला १९५, तिसरीला १३०. म्हणून अगदी जुना, कमी आकड्याचा एसी बदलणं फार फायद्याचं असतं आणि ५.२ ऐवजी ५.६ साठी जिवाचा आटापिटा करणं तितकंसं नसतं.

प्रश्न : दोन एसींचा आयएसईईआर जवळजवळ सारखा आहे. मग काय बघून निवडायचा?

पूर्ण आणि निम्म्या क्षमतेला लागणारी वीज. कंपनीच्या तपशीलपत्रात ती असते. मागितली तर मिळते, नाही मिळाली तर त्या यंत्राबद्दल थोडं सावध व्हावं.

हंगामी आकडा वेगवेगळ्या भारांची सरासरी आहे, आणि दोन यंत्रं वेगळ्या वाटांनी त्याच सरासरीवर पोचू शकतात. एक यंत्र पूर्ण ताकदीवर ५००० वॅट थंडाव्याला १५५० वॅट वीज घेतं आणि निम्म्यावर २५०० वॅटला ५००. म्हणजे पूर्ण भाराला ३.२, अर्ध्याला ५. दुसरं पूर्ण भाराला १४०० घेतं आणि अर्ध्याला ५६०, म्हणजे ३.६ आणि ४.५. रात्री झोपताना, बाहेर फारसं तापलेलं नसताना एसी लावणाऱ्यांना पहिलं यंत्र बरं : तिथे ते बहुतेक वेळ अर्ध्यावरच चालेल. पश्चिमेची भिंत तापणाऱ्या, वरच्या मजल्यावरच्या खोलीत भर दुपारी लावणाऱ्यांनी दुसरं घ्यावं.

इन्व्हर्टर अर्ध्या भारावर काटकसरी का होतो, हेही इथेच सांगून टाकू. कॉम्प्रेसर हळू फिरतो तेव्हा जाळ्यांमधून जाणारी उष्णता कमी होते, पण जाळ्या तेवढ्याच मोठ्या राहतात. त्यामुळे बाहेरच्या जाळीतलं तापमान खाली येतं, आतल्या जाळीतलं वर चढतं. दोघांतलं अंतर जितकं कमी, तितकी कॉम्प्रेसरला दाबाची चढण कमी. साध्या एसीचा कॉम्प्रेसर एक तर पूर्ण चालतो, नाही तर बंद असतो. त्याला हा फायदा मिळतच नाही.

कडक उन्हाळ्याच्या भागात राहणाऱ्यांनी आणखी एक चौकशी करावी. नेहमीची चाचणी बाहेर ३५ अंशांवर होते. उष्ण प्रदेशांसाठी आंतरराष्ट्रीय मानकात ४६ अंशांची वेगळी चाचणी आहे, तिला ‘टी-३’ म्हणतात. बाहेर तापलं की क्षमता घटते आणि वीज वाढते, दोन्ही एकदमच. ४६ अंशांवर यंत्र किती वॅट थंडावा देतं हा आकडा तपशीलपत्रात दिलेला असेल, तर त्यावरूनच आकार ठरवावा.

प्रश्न : परदेशातली बहीण सांगते, तिच्या एसीचा आकडा २० आहे. आपल्याकडे जेमतेम ५. आपली यंत्रं चौपट मागासलेली आहेत का?

मुळीच नाहीत. अमेरिकेत थंडावा बीटीयू या उष्णतेच्या जुन्या ब्रिटिश एककात मोजतात आणि वीज वॅट-तासांत, आपण दोन्ही वॅटमध्ये. एका वॅट-तासात ३.४१२ बीटीयू असतात. वीसला ३.४१२ ने भागलं की ५.८६ उरतात. एवढाच फरक, आणि तोही पूर्ण खरा नाही, कारण ऋतू वेगळे धरलेले आहेत. तिथे १ जानेवारी २०२३ पासून ‘एसईईआर-२’ नावाची नवी चाचणी आहे (एसईईआर हा तिथला हंगामी आकडा). तीत डक्टमधल्या, म्हणजे गार हवा खोल्यांत नेणाऱ्या नळांमधल्या, हवेचा अडथळा पूर्वीपेक्षा जास्त धरतात, म्हणून त्याच यंत्राचा आकडा थोडा खाली येतो.

युरोपातला आकडा आपल्यासारखाच वॅटला वॅटने भागून काढतात. तिथे सर्वांत वरच्या ‘ए’पुढे तीन अधिक असलेल्या वर्गाला ८.५ लागतात. हे ऐकून निराश होऊ नका. तिथली चाचणी बाहेर ३५, ३०, २५ आणि २० अंश अशा चार ठिकाणी होते, आणि २० अंशांना यंत्रावर भार जेमतेम एकपंचमांश असतो. अशा हलक्या भाराला आणि गार हवेला कोणत्याही इन्व्हर्टरचा आकडा उंच जातो. तेच यंत्र २४ ते ४३ अंशांच्या हिशेबात बसवलं की आकडा उतरतो. ऑस्ट्रेलियाने यातून वेगळा मार्ग काढला : २०२० पासून तिथल्या नव्या लेबलवर उष्ण, मिश्र आणि थंड अशा तीन विभागांची श्रेणी वेगवेगळी छापतात. आमच्या मते हे सगळ्यांत प्रामाणिक लेबल आहे.

थोडक्यात, एका देशातलं लेबल दुसऱ्या देशातल्या लेबलशी ताडून पाहू नये. परदेशातून यंत्र आणायचं असेल, तर ३५ अंशांवरची पूर्ण क्षमता आणि त्या वेळची वीज एवढे दोनच आकडे मागा. ते सगळीकडे बऱ्यापैकी सारख्या पद्धतीने मोजतात.

प्रश्न : एक टन पुरेल अशी खोली आहे. दीड टन घेतला तर खोली लवकर थंड होऊन एसी कमी चालेल आणि वीज वाचेल, हे खरं का?

साध्या एसीत खोटं. इन्व्हर्टरमध्ये थोडं खरं, पण एका मर्यादेपर्यंत.

मोठा साधा एसी पाच-सात मिनिटांत हवा गार करून बंद पडतो, पुन्हा चालू होतो. दर वेळी सुरुवातीची काही मिनिटं दाब तयार होण्यात जातात, त्या काळात वीज पूर्ण आणि थंडावा अर्धामुर्धा. शिवाय आतली जाळी ओली होऊन पाणी बाहेर वाहायला वेळ लागतो. यंत्र लवकर थांबलं तर जाळीवरचं पाणी पंख्याच्या हवेने परत खोलीत येतं. हवा गार पण दमट, अंग चिकट. मग माणूस तापमान आणखी दोन अंशांनी उतरवतो, आणि बचत तिथेच बुडते.

इन्व्हर्टर मोठा असला तर तो हळू चालतो, आणि हळू चालणं काटकसरीचं आहे हे वर आलंच. पण प्रत्येक इन्व्हर्टरला किमान क्षमता असते. तपशीलपत्रात ती ‘किमान-नेमकी-कमाल’ अशा तिहेरी आकड्यात पहिली लिहितात. समजा किमान १४०० वॅट आहे आणि रात्री दोन वाजता खोलीला फक्त ८०० वॅट थंडावा लागतोय. तेव्हा इन्व्हर्टरही साध्या एसीसारखाच चालू-बंद करत राहतो. म्हणून लहान खोलीसाठी स्टारपेक्षा हा पहिला आकडा आधी बघा. तो जितका लहान तितका चांगला.

आकार ठरवायचा ढोबळ नियम, साधारण दहा फूट उंचीच्या खोलीला : १२० चौरस फुटांपर्यंत एक टनापेक्षा थोडं कमी, १५० पर्यंत एक टन, २०० पर्यंत दीड. वर उघडी गच्ची असेल, पश्चिमेला मोठी काच असेल किंवा खोली स्वयंपाकघराला उघडी असेल तर एक पायरी वर जा. आत नेहमी दोनपेक्षा जास्त माणसं असतील तर प्रत्येक जादा माणसामागे १०० ते १५० वॅट धरा. संगणक, टीव्ही जितकी वीज घेतात तेवढी सगळी उष्णता होऊन खोलीतच राहते, तीही मिळवा.

प्रश्न : गॅस, तांब्याची जाळी, ‘कन्व्हर्टिबल’. यांचा स्टारशी काय संबंध?

थेट काहीच नाही. गॅस आर-३२ असो की आर-२९०, त्यामुळे जो काही फायदा व्हायचा तो मोजलेल्या आकड्यात आधीच आलेला आहे, तो पुन्हा वेगळा जोडायचा नसतो. गॅसची निवड पर्यावरणासाठी करा : तापमानवाढीच्या मापात (कार्बन डायऑक्साइड म्हणजे १) जुन्या आर-४१०ए गॅसचा आकडा २०८८ आहे, आर-३२ चा ६७५ आणि आर-२९० चा सुमारे ३. आर-३२ मंद पेट घेऊ शकतो. आर-२९० म्हणजे प्रोपेन, तो सहज पेट घेतो, म्हणून बसवणारा त्यात तयार हवा.

तांबं टिकाऊ आणि दुरुस्तीला सोपं, पण चांगली ॲल्युमिनियम जाळीही तोच आकडा गाठू शकते. ‘कन्व्हर्टिबल’ म्हणजे कॉम्प्रेसरच्या वेगाला वरून घातलेली मर्यादा. खोलीत एकच माणूस असताना ती कामी येते. मात्र गरज जास्त आणि मर्यादा ४० टक्क्यांवर, असं झालं तर खोली थंडच होत नाही. इन्व्हर्टर एरवीही आपला वेग आपणच कमी करतो.

प्रश्न : फाइव्ह स्टार घेतला, वापर लेबलपेक्षा कमी तास आहे, तरी युनिटं जास्त पडतात. लेबल खोटं आहे का?

लेबल खोटं असण्याआधी चार गोष्टी तपासायच्या असतात, आणि बहुतेक वेळा दोष त्यांतच सापडतो.

पहिली, तापमान. १८ वर लावल्याने खोली लवकर थंड होत नाही, फक्त यंत्र पूर्ण वेगात जास्त वेळ चालतं. बाहेर ३५ असताना आत २४ ठेवलं तर फरक ११ अंशांचा, १८ ठेवलं तर १७ चा. भिंतींतून येणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळपास दीडपट. बीईईच्या म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या अंदाजाने एक अंश वर ठेवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून भारतातल्या नव्या एसींना सुरुवातीचं तापमान २४ अंश ठेवणं बंधनकारक आहे ते याचसाठी. २६ वर लावून पंखा मंद फिरवला तर बहुतेकांना २४ इतकंच बरं वाटतं.

दुसरी, बाहेरच्या युनिटची जागा. याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. अरुंद डक्टमध्ये, सजावटीच्या जाळीमागे किंवा वरच्या युनिटच्या तोंडासमोर बसवलेलं युनिट आपलीच गरम हवा परत ओढतं. बाहेर ३५ असले तरी त्याच्या लेखी ४३ असतात. त्याच्या जाळीतलं तापमान एक अंशाने वाढलं की वीज साधारण दोन ते तीन टक्के वाढते. आठ अंशांचा हिशेब तुम्हीच करा. मागे आणि बाजूला किमान एक फूट आणि पंख्यासमोर कमीत कमी पाच फूट मोकळं हवं. नेमकी अंतरं बसवणीच्या पुस्तिकेत असतात. युनिट चालू असताना मागच्या बाजूला साधा थर्मामीटर दहा मिनिटं सावलीत लटकवा. तो आसपासच्या हवेपेक्षा तीन-चार अंशांनी जास्त दाखवत असेल, तर हवा फिरून परत येतेय.

तिसरी, बसवणी. नळ्या जोडल्यावर आतली हवा आणि दमटपणा व्हॅक्यूम पंपाने काढायचा असतो, थोडा गॅस सोडून हवा ‘ढकलून’ नव्हे. ढकलण्याला दोन मिनिटं लागतात, पंपाला वीस, म्हणून घाईत पंप टाळला जातो. आत राहिलेली हवा द्रव होत नाही, ती बाहेरच्या जाळीत जागा अडवते आणि दाब वाढवते. दमटपणा तेलात मिसळून आम्ल होतं आणि कॉम्प्रेसर आतून खराब होत जातो. व्हॅक्यूम मोजणारं गेज ५०० मायक्रॉनच्या (आत उरलेल्या दाबाचं माप) खाली गेलं आणि पंप बंद केल्यावर दहा मिनिटं फारसं वर आलं नाही, तरच झडपा उघडायच्या. गेज वर चढत राहिलं तर नळीच्या जोडावरचा फ्लेअर नट गळतोय किंवा आत पाणी आहे. नळी कारखान्यातून भरलेल्या गॅसच्या मर्यादेपेक्षा लांब गेली, तर जादा मीटरमागे किती ग्रॅम गॅस टाकायचा ते यंत्राच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं. तो काट्यावर वजन करून भरायचा. इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरचा वेग बदलता असल्यामुळे नुसत्या दाबावरून अंदाज बांधता येत नाही.

चौथी, फिल्टर. मोसमात दर दोन आठवड्यांनी पाण्याखाली धरा. हवा कमी झाली की आतली जाळी गरजेपेक्षा गार होते, आणि यंत्र त्याच कामाला जास्त वेळ चालतं. फिल्टर स्वच्छ असूनही हवा कमी लागत असेल, तर पंख्याच्या नळकांड्याच्या पात्यांवर चिकटलेली धूळ पाहा. ती फिल्टर धुऊन जात नाही.

प्रश्न : एसी खरंच किती वीज घेतोय हे घरच्या घरी कसं मोजायचं?

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ‘३२०० इम्प/केडब्ल्यूएच’ असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे ३२०० लुकलुकींना एक युनिट. फ्रीजसकट घरातलं बाकी सगळं बंद करा, फक्त एसी चालू ठेवा. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर दहा लुकलुकींना लागणारे सेकंद मोजा. पहिली लुकलुक दिसली तिला शून्य म्हणायचं, एक नव्हे, नाहीतर दहा टक्के चूक होते. मग ३६,००,००० ला दहाने गुणा, आणि ३२०० गुणिले सेकंद एवढ्याने भागा. उत्तर वॅटमध्ये येतं. दहा लुकलुकींना १५ सेकंद लागले तर एसी ७५० वॅट घेतोय. तुमच्या मीटरवर १६०० छापलं असेल तर ३२०० च्या जागी तो आकडा घ्या.

हे तीनदा करा : एसी लावल्यावर पाच मिनिटांनी, एका तासाने आणि मध्यरात्री. पहिला आकडा तपशीलपत्रातल्या पूर्ण ते कमाल विजेच्या आसपास हवा. तासाभरानंतर तो निम्म्यापर्यंत उतरायला हवा, आणि मध्यरात्री आणखी खाली. साधा एसी असेल तर आकडा एकच राहील, फक्त मधूनमधून शून्याजवळ जाईल. इन्व्हर्टर असूनही एक तासानंतर आकडा उतरत नसेल, तर तीन शक्यता आहेत : खोलीसाठी यंत्र लहान आहे, गॅस कमी आहे, किंवा बाहेरचं युनिट गुदमरतंय. गॅस कमी असेल तर आउटडोअरच्या दोन नळ्यांपैकी बारीक नळीच्या जोडावर बर्फाचा पांढरा थर दिसतो आणि जाड नळी हाताला जेमतेम गार लागते. थर दिसला तर नुसता गॅस भरून घेऊ नका. आधी साबणाच्या पाण्याने चारही जोड तपासून गळती बंद करायला सांगा, मगच गॅस.